गाडीचा ब्लोअर: एसीचा गॅस भरण्याआधी या चुका टाळा

हवा कमी येणे आणि आलेली हवा गार नसणे या दोन निराळ्या तक्रारी आहेत; त्या एकच समजण्याची चूक खिशाला जड जाते. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर आमच्या गाडीच्या जाळीतून जेमतेम झुळूक येऊ लागली, तेव्हा एका गॅरेजमध्ये तपासणी न करताच गॅस भरून देण्यात आला आणि हवा होती तेवढीच राहिली. घरी ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) ओढला, तर त्यावर तांबड्या मातीचा थर होता, एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला होता आणि मागे नारळाच्या सोडणाच्या काथ्याचे घरटे बांधलेले होते.

पुष्कळजण बॉनेट उघडून रेडिएटरजवळच्या पंख्यालाच ब्लोअर समजतात. तो पंखा रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर थंड करण्यासाठी असतो. ब्लोअर म्हणजे गाडीच्या आत हवा ढकलणारा पंखा; तो आपल्याकडील बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या आत, डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो.

फणसाखाली गाडी लावण्याची आपली सवय ब्लोअरला मानवत नाही. बाहेरची हवा वायपरखालच्या जाळीतून आत येते. तिथे पाने कुजून पाण्याची वाट तुंबली, तर कोकणातल्या पावसात ते पाणी ब्लोअरपर्यंत पोहोचू शकते आणि मोटरचे बेअरिंग गंजून ती कुरकुरू लागते. म्हणून पावसाळ्याआधी ही जाळी हाताने साफ करावी, आणि कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर न करता नवा घालावा. तो बसवताना त्यावरील बाणाची दिशाही पाहावी.

ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल, तर मोटर बदलण्याची घाई करू नये. ब्लोअरचा वेग हाताने बदलण्याच्या गाड्यांत खालचे वेग सहसा रेझिस्टरमधून (वीज अडवणाऱ्या भागातून) मिळतात आणि वरच्या वेगाला वीज त्याला वगळून थेट जाते, त्यामुळे दोष बहुधा रेझिस्टरमध्येच असतो. हा रेझिस्टर ब्लोअरच्याच वाऱ्यावर थंड होत असल्याने तुंबलेला फिल्टर त्याचेही आयुष्य कमी करतो. त्याचा प्लग वितळलेला दिसला, तर मात्र जड फिरणारी मोटर जास्त वीज ओढते आहे का, हे तपासून घ्यावे. नाहीतर नवा रेझिस्टरही तसाच जळेल. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणे हा तर शुद्ध अविचार आहे, कारण मग फ्यूजऐवजी वायर तापते.

एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणे हे बिघाडाचे लक्षण नाही. दमट हवेतही ते ठिबकत नसेल आणि डाव्या सीटपुढची चटई ओली लागत असेल, तर कूलिंग कॉइलची निचरा नळी आधी मोकळी करून घ्यावी. कुबट वासावर अत्तराच्या बाटल्या टांगण्यापेक्षा मुक्काम येण्याआधी चार-पाच मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा, म्हणजे कॉइलवरचे पाणी बरेचसे सुकते.