बॅकअपवरून व्हीएम आणि कंटेनर रिस्टोअर करताय? या चुका टाळा

ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा इकडे महापे, रबाळेला छोट्या-मध्यम ऑफिसांत हल्ली साधारण एकच मांडणी दिसते. एका सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), त्यावर टॅलीची विंडोज व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक), हजेरीचं सॉफ्टवेअर एलएक्ससी कंटेनरमध्ये (व्हीएमपेक्षा हलका, लिनक्सचा वेगळा कप्पा) आणि रात्रीचा बॅकअप घ्यायला एक नॅस (नेटवर्कवर जोडलेली डिस्कची पेटी). 'बॅकअप सक्सेसफुल'चा मेल रोज येतो, म्हणून सगळे निवांत असतात. मग भर पावसात लाइट जाते, यूपीएसची बॅटरी वेळेवर दगा देते, सर्व्हर धाडकन बंद पडतो आणि परत चालू केल्यावर टॅलीची व्हीएम बूट होत नाही. नेमकी त्या दिवशी २० तारीख असते, जीएसटीचा मासिक रिटर्न जीएसटीआर-३बी भरायचा असतो, आणि साहेब खुर्चीमागे उभे राहून दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारत असतात.

या घाईत पहिल्या दहा मिनिटांत जे बटण दाबलं जातं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

जुन्याच आयडीवर रिस्टोअर मारणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. व्हीएमच्या स्वतःच्या 'बॅकअप' टॅबमध्ये जाऊन फाइल निवडली आणि 'रिस्टोअर' दाबलं, की ते त्याच व्हीएमवर, म्हणजे तिच्याच आयडीवर (प्रॉक्समॉक्सने दिलेल्या क्रमांकावर) होतं. आधीचा डेटा कायमचा पुसला जाईल अशी सूचना येते, पण ती वाचायला त्या वेळी कोणाला सवड असते?

समजा बॅकअप काल रात्री ११चा आहे आणि व्हीएम आज संध्याकाळी ५ला पडली. म्हणजे आज दिवसभराची बिलं, पावत्या फक्त त्या बंद पडलेल्या डिस्कवर आहेत. बूट न होणारी डिस्क रिकामी झालेली नसते. बऱ्याचदा बूटचा भाग किंवा फाइल सिस्टीम बिघडलेली असते आणि तीच डिस्क दुसऱ्या व्हीएमला जोडली की टॅलीचं डेटा फोल्डर दिसतं, कॉपी होतं. वरून रिस्टोअर केलंत तर ही वाट बंद. त्यात बॅकअपची फाइलच अर्ध्यात खराब निघाली, तर हातात काहीच उरत नाही.

म्हणून डाव्या बाजूला नॅसचं स्टोरेज उघडा, तिथल्या बॅकअपच्या यादीतून रिस्टोअर करा आणि आयडी नवा द्या. १०२ची व्हीएम असेल तर ९०२. त्याआधी तो बॅकअप 'प्रोटेक्टेड' करून ठेवा, म्हणजे रात्रीच्या साफसफाईत तो उडणार नाही.

नवा आयडी म्हणजे डिस्कवर तेवढी जादा जागा. एलव्हीएम-थिन (सगळ्या व्हीएमना एकाच सामायिक पूलमधून लागेल तशी जागा देणारी पद्धत) वापरत असाल तर आधी त्या पूलचा वापर किती टक्के आहे ते बघा. थिन पूल १०० टक्के भरला की त्यावरच्या सगळ्याच व्हीएमना लिहिताना एरर यायला लागतात, म्हणजे एक दुरुस्त करताना चार आडव्या. जागा नसेल तर तात्पुरती यूएसबी डिस्क जोडून तिच्यावर रिस्टोअर करा. चालेल संथ, पण चालेल.

कंटेनरमध्ये धोका याहून मोठा

व्हीएम आणि कंटेनर यांचे बॅकअपचे नियम वेगळे आहेत, हे पुष्कळ जणांना रिस्टोअरच्या दिवशी कळतं. व्हीएमला नवी डिस्क जोडली की ती आपोआप बॅकअपमध्ये धरली जाते. कंटेनरमध्ये उलट: मूळ डिस्क कायम धरली जाते, पण नंतर जोडलेला माउंट पॉइंट (कंटेनरला दिलेली जादा डिस्क) 'बॅकअप'वर टिक केल्याशिवाय धरला जात नाही. होस्टचं, म्हणजे मूळ सर्व्हरचं फोल्डर बाइंड माउंटने थेट कंटेनरच्या आत दिलं असेल तर ते कधीच बॅकअपमध्ये येत नाही, टिक करा नाहीतर करू नका.

आता हे डोळ्यांसमोर आणा. हजेरीच्या कंटेनरला जागा कमी पडली म्हणून कोणीतरी २०० जीबीचा माउंट पॉइंट जोडला आणि डेटाबेस तिकडे हलवला. टिक करायची राहिली. बॅकअप तरीही 'सक्सेसफुल'च, कारण त्याला सांगितलं तेवढं त्याने केलं. पुढे अपडेटमध्ये कंटेनर बिघडला आणि जुन्याच आयडीवर रिस्टोअर झालं. अशा वेळी कंटेनरचे माउंट पॉइंटचे व्हॉल्यूमही (त्या जादा डिस्काही) पुसले जातात. नव्याने तयार होतो तो रिकामा व्हॉल्यूम. डेटाची एकुलती एक प्रत आपल्याच हाताने गेली.

रिस्टोअरआधी बॅकअपच्या रात्रीचा लॉग उघडा. कुठला माउंट पॉइंट घेतला आणि कुठला वगळला, हे त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

डॉकरमध्ये 'डेटा गेला' असं वाटणं

डॉकर कंपोजवर (एका फाइलवरून ॲपचे कंटेनर उभे करणाऱ्या साधनावर) चालणारं ॲप नव्या व्हीएमवर उभं केलं, फाइल तीच, डेटा ठेवणारे व्हॉल्यूमही रिस्टोअर केले, आणि ब्राउझरमध्ये 'नवीन ॲडमिन तयार करा'ची पाटी! घाबरू नका आणि मुख्य म्हणजे नवीन ॲडमिन तयार करू नका. कंपोज व्हॉल्यूमच्या नावापुढे प्रोजेक्टचं नाव लावतं, आणि वेगळं सांगितलं नसेल तर प्रोजेक्टचं नाव म्हणजे फोल्डरचं नाव. जुनं फोल्डर 'हजेरी' होतं आणि आता 'हजेरी-नवीन' ठेवलंत, तर कंपोज नव्या नावाचा कोरा व्हॉल्यूम बनवून मोकळं होतं. जुना तिथेच पडलेला असतो. फोल्डरचं नाव पूर्ववत करा, ॲप परत वर आणा.

दुसरी अडचण पोस्टग्रेस या डेटाबेसची. इमेजला (ज्यावरून कंटेनर बनतो त्या साच्याला) 'लेटेस्ट' लिहिलं असेल तर आज वेगळी मेजर आवृत्ती उतरते आणि जुन्या आवृत्तीच्या फाइलींवर ती सुरूच होत नाही. जुना आकडा लिहून चालवा, अपग्रेड नंतर.

दोन जुळी मशीन एकाच नेटवर्कवर

रिस्टोअर झालेल्या व्हीएमचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाची ओळख) आणि आतला स्टॅटिक आयपी (नेटवर्कवरचा कायमचा पत्ता) जुनाच असतो. 'स्टार्ट आफ्टर रिस्टोअर'ची टिक काढा, हार्डवेअरमधल्या नेटवर्क कार्डावर 'डिस्कनेक्ट' करा आणि मगच चालू करून कन्सोलवरून तपासा. 'युनिक'ची टिक मॅक बदलते. नुसत्या तपासणीच्या प्रतीला ती बरी. पण जी मशीन कायमची वापरायची तिला जुनाच मॅक ठेवा, नाहीतर राउटरवरचं डीएचसीपी रिझर्व्हेशन (मॅक बघून ठरावीक आयपी देणं), फायरवॉलचे नियम, लायसन्स या सगळ्यांच्या मागे धावावं लागतं.

तपासणी म्हणजे डेस्कटॉप दिसला की झालं असं नाही. टॅलीत डे बुक उघडून शेवटची एंट्री कुठल्या तारखेची आहे ते बघा, आणि ते अकाउंटंटला बघू द्या. त्यांना चूक आपल्याआधी दिसते.

व्हीएम सुरूच होत नसेल तर कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं. जुन्या सर्व्हरवरचा 'व्हीएमबीआर१' ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) नव्यावर नसतो, किंवा सीडी ड्राइव्हमध्ये कधीकाळी लावलेली आयएसओ (सीडीची फाइल) आता नसते. एरर पूर्ण वाचा, नाव त्यातच असतं. विंडोजची डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरने रिकव्हरी की मागितली, तर मात्र ती आधीच कुठेतरी लिहून ठेवलेली असावी लागते. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर (प्रॉक्समॉक्सचंच बॅकअपचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्या एन्क्रिप्शन कीचंही तसंच: की फक्त त्या मेलेल्या सर्व्हरवरच असेल तर बॅकअप असूनही उघडता येत नाही.

वेळ सांगताना

१ टीबी डेटा १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून यायला अडीच तासांच्या आसपास लागतात. मध्ये एखादा जुना १०० मेगाबिटचा स्विच असेल तर साधारण २२ तास! साहेबांना "अर्ध्या तासात होईल" सांगण्याआधी लिंकचा वेग बघून घ्या. लाइव्ह रिस्टोअरने (डेटा येत असतानाच व्हीएम सुरू करण्याने) व्हीएम लगेच चालू होते खरी, पण रिस्टोअर मध्येच तुटलं तर सुरू झाल्यापासून तिच्यात लिहिलेलं सगळं जातं. बिलं करायला बसवू नका कोणाला तिच्यावर.

सगळं जुळलं की जुनी १०२ बंद करा, तिचं 'स्टार्ट ॲट बूट' काढा, ९०२चं नेटवर्क जोडा. १०२ लगेच डिलीट करू नका, महिनाअखेरचा हिशोब जुळेपर्यंत राहू द्या. आणि निघण्याआधी बॅकअप जॉब उघडा. त्यात निवडक व्हीएम टिक केलेल्या असतील तर ९०२ त्या यादीत नाहीच. उलट १०२ अजून आहे, म्हणजे आज रात्रीपासून बिघडलेल्या मशीनचा बॅकअप होत राहील आणि 'शेवटचे सात ठेवा'च्या नियमाने तिचे चांगले बॅकअप एकेक करून बाहेर पडतील. १०२ची टिक काढा, ९०२ला लावा, आणि पहिला बॅकअप आत्ताच हाताने चालवून घ्या.