कच्चा उतार उतरताना क्लचला पाय लावू नका

सुटी खडी किंवा भुसभुशीत माती असलेला तीव्र उतार दिसला, की आधी गाडीतून उतरून तो पायी बघून या. खाली काय आहे, वळायला जागा आहे का, मधे घळ पडली आहे का, हे सीटवरून कळत नाही. बॉनेटच आड येतं.

मग वरच पहिला गिअर टाका. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी असेल, तर लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग आणि जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये. आता क्लच सोडा आणि तो पाय पूर्ण बाजूला ठेवा. गाडी इंजिनच्या जोरावर रोखली जाते. क्लच दाबला की ती मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक लागला तरी हलका, थांबून थांबून. जोरात दाबलात तर चाकं जाम होतात, आणि जाम झालेलं पुढचं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही.

उतार नेहमी सरळ उतरायचा. तिरकं उतरणं सोपं वाटतं, पण गाडी कलंडते ती बहुतेक तिथेच. मागची बाजू घसरून आडवी व्हायला लागली तर ब्रेक सोडा, स्टिअरिंग उताराच्या दिशेने करा आणि अॅक्सिलरेटर किंचित द्या. हे मनाला पटत नाही, म्हणून आधी छोट्या, मोकळ्या उतारावर सराव करावा.

अंगठे मात्र स्टिअरिंगच्या आत गुंतवू नका. चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं, विशेषतः पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या गाड्यांत, आणि अंगठा मोडू शकतो.