आय.सी. (अंतर्ज्वलन) इंजिनमध्ये एम.टेक. करायचंय? कोकणातल्या मुलांसाठी तयारीची यादी

पहिलं काम जून-जुलैमध्येच उरकून घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाडा, हर्णै किंवा जवळच्या कुठल्याही बंदरावर बोटी शाकारलेल्या आणि इंजिनं खोललेली दिसतील. मालकाला विचारून मेस्त्रीच्या हाताखाली थोडे दिवस राबा. हेड (सिलिंडरचं झाकण) उतरवलं की लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या, वरच्या टोकाशी बोट फिरवून बघा, नखाला कड अडेल. पिस्टनची वरची रिंग जिथून माघारी फिरते तिथे पिस्टनचा वेग शून्य होतो, त्यामुळे तेलाचा थर तुटतो. दाब आणि तापमानही तिथेच सर्वाधिक, म्हणून झीजही तिथेच जास्त. काळा धूर कशाने, निळा कशाने, हे मेस्त्री पुस्तकाशिवाय सांगेल. त्यामागचं ज्वलन आणि वंगणाचं गणित तुम्ही घरी येऊन मांडा. मुलाखतीत असलंच विचारतात.

एम.टेक.च्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गेट परीक्षेचा अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात सुटतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. एक भ्रम आधीच काढून टाका: मेकॅनिकलच्या पेपरात इंजिन म्हणजे जेमतेम ऑटो, डिझेल आणि ड्युअल सायकल (इंजिनाची आदर्श चक्रं). त्यामुळे नुसतं इंजिन घोकून भागत नाही. १०० पैकी १५ गुण अ‍ॅप्टिट्यूडचे आणि १३ गणिताचे, ते आधी पक्के करा. मग थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर. पुढे दोन वर्षं याच तिघांशी गाठ आहे. स्कोअर तीन वर्षं चालतो. गेटवर प्रवेश मिळाला की मान्यताप्राप्त संस्थेत दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळू शकतं.

ओबीसीतून अर्ज करणार असाल तर नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो. राज्याचा दाखला दाखवून ऐनवेळी अडू नका, सेतूत वेळेवर अर्ज टाका. मूळ मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत आणि कोरड्या डब्यात ठेवा; आपल्याकडच्या पावसात ट्रंकेतले कागदही बुरसतात.

कॉलेज निवडताना खरा विचार करायचा तो इथे. पदवीवर इंजिनाचं नाव फार थोड्या ठिकाणी असतं. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात आहे. बहुतेक ठिकाणी हा विषय थर्मल इंजिनिअरिंगच्या पोटात येतो. माझ्या मते पाटी बघूच नका, प्रयोगशाळा बघा. संशोधनाचं सिंगल सिलिंडर इंजिन आहे का, त्यावर सिलिंडरमधला दाब मोजणारा सेन्सर बसवलाय का, डायनॅमोमीटर (इंजिनाची ताकद मोजणारं) आणि गॅस अ‍ॅनलायझर (धुरातले वायू मोजणारं) चालू आहेत की नुसते झाकून ठेवलेत, हे तिथल्या मुलांना फोन करून विचारा. गाईडच्या विद्यार्थ्यांचे अलीकडचे प्रबंध चाळा. सगळेच नुसत्या सिम्युलेशनवर असतील तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

आयआयटीसाठी कोप (जागा स्वीकारायचं सामायिक पोर्टल) आणि एनआयटीसाठी सीसीएमटी (सामायिक प्रवेश प्रक्रिया), दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. मेपासून मेल रोज बघा, मिळालेली जागा स्वीकारायची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते.

‘इलेक्ट्रिकच्या जमान्यात इंजिन कशाला?’ हे घरचे आणि शेजारचेही विचारणारच. ट्रॉलर, जनरेटर, ट्रॅक्टर, जहाजं दाखवा, मिथेनॉल आणि हायड्रोजनवर चाललेलं काम सांगा. तरी पटलं नाही तर सोडून द्या.

रुजू व्हायची तारीख बहुधा भर पावसात पडते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बघूनच तिकीट काढा आणि एक दिवस आधी पोहोचा.