स्वादुपिंडाच्या रोहिण्या विच्छेदनात कशा शोधाव्यात

स्वादुपिंडाला स्वतःची अशी एकच मोठी रोहिणी नाही; यकृत, जठर, प्लीहा आणि लहान आतडे यांच्याकडे जाणाऱ्या रोहिण्यांच्या फांद्यांवर ते पोसले जाते. म्हणून विच्छेदनाच्या वेळी ग्रंथीतल्या बारीक फांद्या उकरत बसण्यापेक्षा महारोहिणीतून निघणारी दोन खोडे आधी निश्चित करावीत. पहिले सीलिॲक खोड, ज्याच्या फांद्या यकृत, जठर आणि प्लीहेकडे जातात आणि जे स्वादुपिंडाच्या वरच्या कडेजवळ दिसते. दुसरी लहान आतड्याकडे जाणारी सुपीरियर मेसेंटेरिक रोहिणी, जी त्याच्या साधारण एक सेंटिमीटर खाली, ग्रंथीच्या मानेमागे उगम पावते (उजवीकडून डावीकडे डोके, मान, धड आणि शेपटी असे ग्रंथीचे भाग मानतात).

जठराच्या मोठ्या वक्राखालील पडदा कापून जठर वर उचलले की मागच्या भिंतीवर स्वादुपिंड दिसते. सीलिॲक खोडाभोवती चेतातंतूंचे दाट जाळे असते. ते चिमट्याने सावकाश सोडवावे लागते आणि येथे घाई केली तर पुढचे सारे काम बिघडते. डावीकडे जाणारी प्लीहा रोहिणी वरच्या कडेने वळणे घेत शेपटीपर्यंत जाते. तिला ओढून सरळ करू नये, कारण ग्रंथीत शिरणाऱ्या लहान फांद्या त्या ताणाने तुटतात. तिच्या उगमाजवळ बहुधा डॉर्सल पँक्रिॲटिक रोहिणी सापडते, मात्र ती कधी सीलिॲक खोडातून, यकृताकडे जाणाऱ्या कॉमन हेपॅटिक रोहिणीतून किंवा सुपीरियर मेसेंटेरिक रोहिणीतूनही निघते. तिची डावी फांदी खालच्या कडेने शेपटीकडे जाते. ग्रेट पँक्रिॲटिक आणि शेपटीच्या फांद्या त्यानंतर पाहाव्यात.

उजवीकडे कॉमन हेपॅटिक रोहिणीचा माग काढत गेल्यावर आद्यांत्राच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) पहिल्या भागामागे गॅस्ट्रोड्युओडेनल रोहिणी उतरताना दिसते. याच भागाच्या मागच्या भिंतीवरील व्रण खोल गेला तर तो ही रोहिणी पोखरतो आणि रुग्णाला जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो; हा संबंध प्रत्यक्ष अवयवावर बोट ठेवून पाहावा. या रोहिणीतून बहुधा आधी पश्च-ऊर्ध्व (मागची वरची) फांदी निघते, जी पित्तनलिकेपुढून ओलांडून मग डोक्यामागे वळते. खाली अग्र-ऊर्ध्व (पुढची वरची) फांदी निघते. सुपीरियर मेसेंटेरिक रोहिणीच्या अधर (खालच्या) फांद्या, अनेकदा मध्यांत्राकडे (लहान आतड्याच्या मधल्या भागाकडे) जाणाऱ्या पहिल्या फांदीसोबत एकाच देठातून निघून, वर येतात आणि डोक्याच्या पुढे व मागे अशा दोन कमानी पूर्ण होतात.

आकृत्यांमध्ये पुढची कमान ठळक असते, म्हणून विद्यार्थी तेवढ्यावरच थांबतात. माझ्या मते मागची कमान पाहिल्याशिवाय हे विच्छेदन पुरे झालेच नाही. त्यासाठी आद्यांत्राच्या दुसऱ्या भागाच्या उजव्या कडेने उदरपटल (पोटातील अवयवांवरचे पातळ आवरण) कापून आद्यांत्र आणि डोके एकत्रच डावीकडे उलटावे. शस्त्रक्रियेत हीच कृती कोखर यांच्या नावाने ओळखली जाते. पित्तनलिकेच्या खालच्या टोकाला रक्त पुरवणाऱ्या फांद्या येथेच दिसतात. त्याच वेळी डोक्यामागून यकृताकडे जाणारी एखादी मोठी रोहिणी आहे का, हेही तपासावे. सुमारे १० ते १५ टक्के लोकांत उजवी हेपॅटिक रोहिणी सुपीरियर मेसेंटेरिकमधून निघून या वाटेने जाते, आणि ती ध्यानात न घेता कापली गेली तर यकृताच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

दोन्ही कमानी आद्यांत्रालाही रक्त देतात; त्यामुळे कर्करोगासाठी डोके काढताना आद्यांत्रही काढावे लागते. अमेरिकन शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या शस्त्रक्रियेत हेच तत्त्व दिसते. सीलिॲक खोड मुळाशी अरुंद असेल, तर याच कमानींतून रक्त उलट दिशेने वर जाऊन यकृत, जठर आणि प्लीहा यांना तारते. म्हणून शल्यचिकित्सक गॅस्ट्रोड्युओडेनल रोहिणी बांधण्याआधी ती क्षणभर दाबून धरतात, यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीची नाडी टिकते का ते बोटाने पाहतात, आणि नाडी क्षीण झाली तर ती रोहिणी न बांधता आधी सीलिॲक खोडाकडे वळतात.