मीटर कॅलिब्रेट करायला रेफरन्स कसा निवडाल?

रेफरन्स उपकरण, म्हणजे ज्याच्याशी मीटरचं माप ताडून पाहायचं ते, बघताना डिस्प्लेवर किती आकडे दिसतात याला भुलू नका. रिझोल्यूशन (दिसणारा सर्वांत लहान फरक) आणि अचूकता (माप खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहे) या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी तपासायच्या मीटरच्या चुकीची मर्यादा काढा. समजा, २० व्होल्ट रेंजवर अचूकता ±(मापाच्या ०.५% + शेवटच्या आकड्याचे २ डिजिट) आहे आणि शेवटचा आकडा ०.०१ व्होल्टचा आहे. मग १० व्होल्टला मुभा मिळते ०.०५ + ०.०२, म्हणजे ०.०७ व्होल्ट. रेफरन्सची अनिश्चितता (त्याचं स्वतःचं माप किती इकडेतिकडे असू शकतं) याच्या चौथा हिस्सा किंवा कमी हवी, म्हणजे साधारण १७ मिलिव्होल्टच्या आत. हा हिशेब प्रत्येक रेंजसाठी स्वतंत्र करावा लागतो. डीसी व्होल्टला उत्तम ठरलेलं उपकरण एसी करंटला अपुरं पडणं अगदी नेहमीचं आहे.

इन्सुलेशन टेस्टरच्या (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं उपकरण) बाबतीत तर विशेष जपा. इथे रेफरन्स म्हणून ठरावीक मूल्याचा रेझिस्टर लावतात. १००० व्होल्टला १ मेगाओहमच्या रेझिस्टरमध्ये १ वॅट उष्णता तयार होते. साधा पाव वॅटचा रेझिस्टर तिथे लावणं धोक्याचंच. त्या व्होल्टेजसाठी बनवलेला हाय-व्होल्टेज रेझिस्टन्स बॉक्सच घ्या. एक ओहमच्या खालच्या मोजमापांना चार तारांची जोडणी हवी, नाहीतर लीडचा (जोडणीच्या तारांचा) रेझिस्टन्सही मोजला जातो.

रेफरन्सचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आयएसओ/आयईसी १७०२५ (चाचणी व कॅलिब्रेशन प्रयोगशाळांचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं असेल तर उत्तम, पण ते उघडून वाचाच. तुम्हाला लागणाऱ्या बिंदूंवर प्रत्यक्ष मोजमाप झालंय का आणि त्यापुढे अनिश्चितता दिली आहे का, हे पाहा. नुसत्या ‘पास’ शिक्क्यावरून वरचा हिशेब मांडताच येत नाही.