पोरांचे रोजचे, खरेखुरे फोटो कसे काढायचे

सगळ्यात आधी "इकडे बघ, स्माईल दे" हे बंद करा, कारण एकदा पोज द्यायची सवय लागली की कॅमेरा दिसला रे दिसला की पोरं दात दाखवून उभीच राहतात. खाली बसा, सरळ जमिनीवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा आला की फोटो एकदम बदलतो. फ्लॅश नकोच, खिडकीचा उजेड पुरतो, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा) १६००, ३२०० गेला तरी चालेल, थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आला म्हणून काही बिघडत नाही, पण शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहायचा वेळ, शक्यतो १/२५० सेकंदापेक्षा जास्त नको, पोरं कुठे स्थिर बसतात! लेन्स ३५ एमएम बेस्ट, आजूबाजूचा पसारा पण येतो आणि तो यायलाच हवा. उलटसुलट घातलेल्या चपला, लेस बांधताना बाहेर आलेलं जिभेचं टोक, हेच तर नंतर बघावंसं वाटतं. पोर रडत असेल तर आधी जवळ घ्या, फोटो नंतर. आंघोळीचे वगैरे फोटो ऑनलाइन टाकूच नका प्लीज, आणि मूल नको म्हणालं की कॅमेरा खाली. महिन्यातून एकदा चांगले तेवढे निवडा, तारीख लिहा, बॅकअप दोन ठिकाणी ठेवा.