जठराच्या शस्त्रक्रियेनंतर पाणी मापाच्या झाकणाने प्यावे

वजन घटवण्यासाठी इस्तंबूलला जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून माझी बहीण पुण्याला परतली, तेव्हा मोठा घोट घेतला की तिच्या छातीत दाटून येई आणि त्या भीतीने ती पाणीच टाळू लागली होती.

यावर उपाय म्हणजे खोकल्याच्या औषधाचे १५ मिलिलिटरचे मापाचे झाकण स्वच्छ धुऊन जवळ ठेवावे आणि दर पाव तासाला दोन झाकणे पाणी, तेही चार-पाच बारीक घोटांत, घ्यावे. बारा तासांत जवळपास दीड लिटर पाणी पोटात जाते. तांब्याने घटाघटा पिण्याची सवय एका दिवसात सुटत नाही, म्हणून शस्त्रक्रियेला जाण्याच्या दोन आठवडे आधी घरीच सराव करावा. परतताना विमानतळावर बाटली रिकामी न्यावी आणि तपासणीनंतर भरावी. मुंबईहून द्रुतगती मार्गाने येताना गाडीत डोळा लागतो, तेव्हा मोबाइलवर पाव तासाचा गजर लावावा. घरी आल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर, गाळलेले पातळ ताक किंवा वरणावरचे पाणीही याच मापाने द्यावे.

मात्र ताप, वाढती पोटदुखी, धाप किंवा स्वस्थ पडूनही जलद चालणारी नाडी जाणवल्यास परदेशातील डॉक्टरांच्या उत्तराची वाट न पाहता शस्त्रक्रियेची इंग्रजी कागदपत्रे घेऊन तत्काळ जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.